अडीच फुटांची भीती

रविवारच्या गोल्फमध्ये मला दोनशे यार्डांच्या फटक्याची धास्ती वाटत नाही. वाटते ती अडीच फुटांची. चेंडू आणि होल यांच्यात जेमतेम एका पावलाचे अंतर, हातात पटर, आणि सोबतचे तिघे एकदम गप्प झालेले. नेमक्या त्या क्षणी माझा उजवा हात आपसूक झटका देतो आणि चेंडू होलची कड चाटून पुढे जातो. या झटक्याला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. मला तो 2009 पासून जडला आहे. नाहीतर त्याच्या इतिहासात शिरण्याचे मला काही कारण नव्हते.

‘कच खाल्ली’ हे आपल्याकडचे तयार निदान. गोल्फच्या जगातही बराच काळ हेच निदान चालले. पण हा शब्द ज्याच्या नावावर जमा आहे, तो टॉमी आर्मर पहिल्या महायुद्धात लढलेला स्कॉटिश सैनिक होता. विषारी वायूने त्याची दृष्टी गेली, पुढे एकाच डोळ्याची परत आली. तेवढ्यावर त्याने 1927 ची यूएस ओपन आणि 1931 ची ब्रिटिश ओपन जिंकली. बेन होगनच्या मोटारीवर 1949 मध्ये समोरून बस आदळली. सोळा महिन्यांनी तो यूएस ओपन जिंकत होता. त्याच होगनचा 1956 मध्ये ओक हिलवर शेवटून दुसऱ्या होलला तीस इंचांचा पट हुकला आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. अशा माणसांना भित्रे कोण म्हणेल?

1992 मध्ये रिच मास्टर्स या मानसशास्त्रज्ञाने नवशिक्यांना पटिंग शिकवून पाहिले. काहींना तंत्राचे नियम सांगितले. काहींना मात्र सराव करतानाच मनात येतील ती अक्षरे मोठ्याने म्हणायला लावली, म्हणजे नियम रचायला मनाला फुरसतच नको. पुढे दडपण आणल्यावर अडखळले ते नियम जाणणारे. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी नंतर मांडले की यिप्सच्या एका टोकाला स्नायूंचा विकार असतो, दुसऱ्या टोकाला दडपण, आणि बरेच खेळाडू मध्ये कुठेतरी.

खेळाडूंनी मात्र शास्त्राची वाट पाहिली नव्हती. हाताला जुनी सवय आठवूच द्यायची नाही, हा त्यांचा उपाय. सॅम स्नीड 1966 च्या सुमारास चेंडू दोन पायांच्या मध्ये ठेवून, क्रोकेसारखा ढकलू लागला. 1968 पासून ही पद्धत नियमबाह्य ठरली. मग तो दोन्ही पाय चेंडूच्या एकाच बाजूला ठेवून, होलकडे तोंड करून उभा राहू लागला. पुढे लांब पटर आले. त्यांचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवले की मनगटाला झटका द्यायला वावच उरत नाही. 1 जानेवारी 2016 पासून तेही बंद झाले. अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रशिक्षकांच्या पीजीए संघटनेने हौशी खेळाडूंचा हवाला देऊन या बंदीला विरोध केला होता, पण नियम सर्वांना लागू झाला. माझ्या मते तो अन्यायच. दूरदर्शनवर दिसणाऱ्या मूठभरांसाठी केलेल्या नियमाने रविवारच्या माणसाची काठी काढून घेतली. माझा लांब पटर तेव्हापासून कपाटामागे उभा आहे.

एक उपाय मात्र नियमांतच पूर्वीपासून आहे. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्धी तुमचा पट ‘दिला’ म्हणू शकतो. 1969 च्या रायडर कपमध्ये, रॉयल बर्कडेलच्या शेवटच्या ग्रीनवर, जॅक निक्लॉसने स्वतःचा पट घातला आणि टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट देऊन टाकला. सगळ्या ब्रिटनच्या नजरा त्या चेंडूवर असताना जॅकलिनला तो खेळायला लावणे त्याला नको होते. सामना 16–16 असा बरोबरीत सुटला. यावर नाराज झाला अमेरिकेचा कर्णधार. तो होता सॅम स्नीड.

आमच्या चौघांत सर्वांत वडील दाजीसाहेब. गेल्या रविवारी माझा चेंडू दोन फुटांवर थांबला तेव्हा ते म्हणाले, “उचला हो, दिला.” मी उचलला.