पुसण्याच्या खुणा

खंडेनवमीला सावद्यात सकाळपासून गाड्या धुतल्या जातात. ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, पिकअप, मोटरसायकली आणि अंगणातली कार. बादली, फडकं, शाम्पूची पुडी. मग झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट. संध्याकाळी हीच कार बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या एखाद्या पेट्रोल पंपावर एलईडीखाली उभी राहते. रंग काळा असेल तर बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं चमकताना दिसतं. धूळ होती तोवर ते झाकलेलं होतं. गाडी जितकी स्वच्छ, तितकं ते ठळक.

गाड्यांच्या दुनियेत याला स्वर्ल मार्क म्हणतात. ते धडकेनं पडत नाहीत, झाडाची फांदी घासूनही पडत नाहीत. ते पुसताना पडतात, आणि बहुतेकदा मन लावून पुसताना. ज्या गाडीकडे वर्षभर कुणी बघितलं नाही तिच्यावर ते कमी असतात. जिला मालक रोज सकाळी फडकं मारतो तिच्यावर जास्त. काळजीच्याच या खुणा कशा तयार झाल्या आणि त्या आपल्याच काळात इतक्या का दिसू लागल्या, त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

गोल नसलेले गोल

आधी एक प्रयोग. रात्री काळ्या किंवा गडद गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा आणि हळूहळू सरकवा. रेघांची वर्तुळं टॉर्चबरोबर सरकतात. रेघा खरंच गोल कोरलेल्या असत्या तर त्या जागच्या हलल्या नसत्या.

खरं म्हणजे त्या वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. पण प्रत्येक रेघ एका ठरावीक कोनातूनच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा आडव्या पडल्यात, तेवढ्याच चमकतात. बाकीच्या अंधारात राहतात. चमकणाऱ्या रेघा डोळा एकत्र जोडतो आणि वर्तुळ बनवतो. घरातल्या स्टीलच्या ताटावर, बल्बच्या प्रतिबिंबाभोवती हेच दिसतं. ते ताट कितीही उभं-आडवं घासलेलं असो.

म्हणून "गोल पुसलं की गोल रेघा पडतात, सरळ पुसा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. सरळ पुसलं तर एकाच दिशेच्या रेघा कमी कोनांतून दिसतात, इतकंच. मूळ दोष हाताच्या दिशेचा नाही, फडक्यात अडकलेल्या कणाचा आहे.

लाख, लाक्षागृह आणि ड्यूको

चकचकीत लेपाला इंग्रजीत जो 'लॅकर' शब्द आहे, त्याचं मूळ आपल्याकडचं. संस्कृत लाक्षा, आपली लाख. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे सोडतात तो राळेसारखा पदार्थ. फारसी, अरबी, पोर्तुगीज असा प्रवास करत तो शब्द युरोपात पोहोचला. लाख चमकते आणि पेटते. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहाची कथा त्याच गुणावर उभी आहे.

पहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. ब्रशनं वार्निशचे हात, प्रत्येक हातानंतर वाळण्याची वाट, मग प्यूमिसच्या पुडीनं घासणं आणि पुन्हा पुढचा हात. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डनं १९१४ नंतर बरीच वर्षं आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. कारखान्याचा वेग आणि रंग वाळण्याचा वेग यांचा मेळ घालणं हा तेव्हाच्या मोटार उद्योगाचा मोठा प्रश्न होता.

तो सुटला दारूगोळ्याच्या एका भाऊबंदाकडून. अमेरिकेतली ड्यूपॉन्ट कंपनी मुळात स्फोटकं बनवणारी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जे नायट्रोसेल्युलोज मिळतं, त्यापासून बिनधुराची दारू बनते आणि झटपट वाळणारा लॅकरही बनतो. ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सनं मिळून तो मोटारींसाठी तयार केला. 'ड्यूको' या नावानं तो १९२४ च्या ओकलँड गाड्यांवर निळ्या रंगात आला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि काळ्या रंगाची सक्ती संपली. लाखेसारखाच हाही लेप पेटणारा, हा योगायोग मजेशीर आहे.

ड्यूको हे नाव आपल्याकडे अजून जिवंत आहे. फर्निचरच्या दुकानात 'ड्यूको फिनिश'चं कपाट मिळतं. आणि गॅरेजमध्ये पेंटर "एनसी मारू की पीयू?" असं विचारतो, तेव्हा त्यातलं एनसी म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज.

पण ड्यूकोला एक खोड होती. फवारल्यावर तो आपोआप चकाकत नसे. त्याला कंपाउंडनं घासून चमक आणावी लागे, आणि काही महिन्यांनी ती मंदावली की पुन्हा घासावं लागे. गाडी पॉलिश करणं हा मालकांचा छंद आणि कारागिरांचा धंदा मोठ्या प्रमाणावर वाढला तो या काळात.

कुर्ल्याची गाडी

महाराष्ट्रात या गोष्टीचं गाव म्हणजे मुंबईतलं कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि मग १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या धावली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली.

पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात रंग म्हणजे सरळ रंगच असे. वरून वेगळा पारदर्शक थर नव्हता. अशी गाडी पॉलिश केली की फडक्याला गाडीचा रंग लागत असे: निळ्या गाडीचं फडकं निळं, हिरवीचं हिरवं. पॉलिश म्हणजे वरचा जुना, उन्हानं मेलेला थर काढून खालचा ताजा रंग उघडा करणं, हे त्या फडक्यावर उघड दिसत असे. किती गेलं हे डोळ्यांना कळे.

शिवाय गाड्या बहुतेक पांढऱ्या, क्रीम, फिकट. त्यांवर चरे दिसत नसत. रस्त्यावरचे दिवे पिवळट आणि मंद. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, म्हणून आहे तीच दहा-वीस वर्षं चालवायची, लांबी भरून पुन्हा रंगवायची. चरे तेव्हाही होते. त्यांच्याकडे बघणारा डोळा आणि दिवा नव्हता.

पारदर्शक थर

मेटॅलिक रंगांनी हे बदललं. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या उघड्या ठेवल्या तर हवेनं आणि उन्हानं काळवंडतात. म्हणून खाली रंगाचा पातळ थर आणि वर बिनरंगाचा, पारदर्शक संरक्षक थर अशी पद्धत जगभर १९८० च्या दशकात पसरली. भारतात १९९१ नंतर नव्या कंपन्या आणि नवे रंग आले, तशी ती सर्रास झाली. आज सावद्यात एमएच-१९ च्या पाटीखाली जी कोणतीही नवी कार उभी आहे, तिची चमक रंगाची नाही. ती वरच्या क्लिअर कोटची आहे.

हा थर किती जाड? गाडीचा सगळा रंग, अस्तरापासून वरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. म्हणजे वहीचं एखादं पान. त्यात क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा: अर्धं पान. आपण धुतो, पुसतो, पॉलिश करतो ते सगळं या अर्ध्या पानावर. कारखान्यात तो थर सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. गॅरेजमध्ये तितकी उष्णता देता येत नाही, कारण आत सीटा, वायरी, प्लास्टिक बसलेलं असतं. त्यामुळे मूळ थर एकदा गेला की त्याच तोडीचा पुन्हा मिळणं अवघड.

आणि तो पारदर्शक असल्यामुळे, पॉलिश करताना फडक्यावर काही दिसत नाही. पद्मिनीच्या मालकाला जो हिशेब निळ्या फडक्यावर दिसायचा, तो आपल्याला दिसेनासा झाला.

पॉलिश म्हणजे काय

हा प्रश्न न्यूटनलाही पडला होता. १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये त्यानं म्हटलं की काच पॉलिश करणं म्हणजे ती गुळगुळीत करणं नव्हे; बारीक पुडीनं इतके बारीक चरे पाडणं की ते डोळ्यांना दिसणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅले यांनी काचेचा अभ्यास करून वेगळं मत मांडलं. पॉलिशमध्ये घासण्यापेक्षा सूक्ष्म क्रिया चालते, जवळजवळ कणाकणानं पदार्थ निघतो, असं ते म्हणाले. वाद कसाही सुटो, एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: पदार्थ निघतो.

बफिंगवाला जेव्हा स्वर्ल मार्क "घालवतो", तेव्हा तो रेघा भरत नाही. रेघेचा तळ जिथे आहे, तिथपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणतो. दर वेळी साधारण दोन-चार मायक्रॉन जातात. चाळीसातून चार गेले तर बिघडत नाही. पण दर दिवाळीला, दर सर्व्हिसिंगला "कंपाउंड मारून द्या" म्हटलं तर काही वर्षांत पानाची शिल्लक संपते. मग छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उमटतात, थर पापुद्र्यासारखा सुटतो. ते पॉलिशनं जात नाही. त्याला नवा रंगच.

स्वस्तात मिळणाऱ्या काही पॉलिशमध्ये तेल-मेणाचा अंश असतो. तो चऱ्यांत भरून बसतो, गाडी काचेसारखी दिसते, आणि दोन-चार धुण्यांत रेघा परत येतात. त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण ते बुजवणं आहे, काढणं नाही, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

खानदेशची धूळ, खानदेशचं पाणी

तापीच्या गाळाची, शिवारातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ उन्हाळ्यात सावद्यात सगळीकडे बसते. तिच्यात बारीक वाळू असते, आणि वाळूत गारगोटी. गारगोटी पोलादाच्या सुरीपेक्षा कठीण. क्लिअर कोट तर प्लास्टिकच्या जातीचा. धूळ नुसती बसलेली असताना काही करत नाही. तिच्यावर कोरडं फडकं किंवा झटकणी फिरली की ती कानसीचं काम करते. धूळभरल्या गाडीवर कापडी कव्हर टाकलं आणि ते वाऱ्यानं फडफडत राहिलं, तरी तेच.

उपाय सोपा आहे: हात लावण्याआधी पाणी. वरून खाली मगानं किंवा पाइपनं धूळ सोडवून घ्यायची. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मोजा आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. पिवळ्या जुन्या फडक्यापेक्षा मायक्रोफायबर बरं, कारण त्याचे बारीक तंतू कण आत ओढून घेतात. ते खाली मातीत पडलं तर पुन्हा गाडीला लावायचं नाही. कार सावलीत आणि बॉनेट गार असताना धुवायची. नाही तर बोअरचं जड पाणी उन्हात वाळून क्षारांची पांढरी वर्तुळं सोडतं.

पण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पाणी ही हलकी गोष्ट नाही. भूजलाचा उपसा इथे दशकांपासून चिंतेचा विषय आहे, बोअर खोल खोल जातात. तेव्हा सल्ला असा: धुवायला पाणी नसेल तर पुसूही नका. मळलेली गाडी दोन दिवस मळलेली राहू द्या. अपवाद पक्ष्याच्या विष्ठेचा. ती क्लिअर कोट खाते. तिच्यावर ओलं कापड थोडा वेळ ठेवून, मऊ करून उचलून घ्या, घासू नका.

मेणाचं म्हणाल तर केळीच्या बागेतच उत्तर आहे. केळीच्या पानावर पाणी मोत्यासारखं घरंगळतं ते पानावरच्या मेणामुळे. गाडीला लावतात ते कार्नोबा मेणही ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरून खरवडलेलं. ते चमक देतं आणि धुळीला सहज सुटू देतं, पण आपल्या उन्हात लवकर झिजतं; काही आठवड्यांनी पुन्हा लावायचं. झिजतं ते मेण झिजतं, क्लिअर कोट नाही, हाच त्याचा फायदा.

शोरूममध्ये मात्र मोठी नावं विकली जातात. टेफ्लॉन तव्यावर पक्कं बसवायला ३०० अंशांहून जास्त उष्णता लागते. कारला ती देता येत नाही. सिरॅमिक कोटिंग खरं आहे, टिकतंही जास्त, पण त्यावरचं 'नऊ एच' म्हणजे हिऱ्याच्या जवळचं काठिण्य नव्हे. तो पेन्सिलच्या टोकानं घासण्याच्या चाचणीचा आकडा आहे. वाळूचा कण त्यालाही चरा पाडतो. आणि आधी रेघा न काढता कोटिंग केलं तर त्याखाली त्या तशाच बंद होतात.

रेघ कुणाची

या सगळ्यात एक माणूस नेहमी मधे असतो: धुणारा. ड्रायव्हर, वॉशिंग सेंटरवरचा पोरगा, ट्रकचा क्लीनर. त्याला एक बादली, एक फडकं आणि दहा मिनिटं मिळतात. तेच फडकं आधी चाकांना, मग बॉनेटला. रात्री दिव्याखाली रेघा दिसल्या की बोलणी तोच खातो. जुनी गाडी विकताना व्यापारी टॉर्च फिरवून हजारो रुपये कमी करतो, तेव्हाही मालकाला त्याचीच आठवण येते. पण दुसरी बादली आणि दुसरं फडकं त्याला कुणी दिलेलं नसतं. चाकांसाठी वेगळं, अंगासाठी वेगळं, आणि धूळ सोडवायला आधी चार मग पाणी. एका कंपाउंड-बफिंगच्या खर्चात असं साहित्य कित्येक वर्षं पुरतं.

आणि थोड्या रेघा राहिल्या तरी राहू द्याव्यात. त्या काढायला वर्षातून एकदा, मशीन हळू फिरवणाऱ्या आणि रंगाची जाडी मोजणारं मीटर जवळ बाळगणाऱ्या कारागिराकडे जावं. "आधी मोजून दाखवा," असं त्याला म्हणावं. निळं फडकं आता मिळणार नाही. मीटरवरचा आकडा मिळतो.