तिलईपानीचे पाणी आणि टाकळ्याची भाजी

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या शुभ्र पाषाणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही खनिजे ठासून भरलेली आहेत. परंतु नर्मदेच्या प्रवाहाविरुद्ध वर मंडला जिल्ह्यात गेले, की तेथील गोंड आणि बैगा वस्त्यांत निराळेच दृश्य दिसे. पाषाणात विपुल असलेले कॅल्शियम तेथील मुलांच्या ताटात मात्र दुर्मीळ होते. हे दारिद्र्य डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते उघडकीस आणावयास तराजू, नळी आणि ज्योत यांची गरज होती.

जबलपुरात नागपूर रस्त्यावर, गढा भागात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८४ साली आदिवासींच्या आरोग्यासाठी एक संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील डॉ. तपस चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावाचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. गावात अनेक मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांस टेकत, पावले मात्र दूर राहत. पिण्याच्या पाण्याची परीक्षा झाली तेव्हा दर लिटरमागे ९.२२ ते १०.८३ मिलिग्रॅम फ्लोराइड आढळले. भारतीय मानकानुसार, दुसरे पाणी उपलब्ध नसले तरीही, १.५ मिलिग्रॅमपलीकडे जाता येत नाही.

फ्लोराइडचा हा उपद्रव देशाला अपरिचित नव्हता. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून त्याचे शास्त्रीय वर्णन १९३७ सालीच झाले होते. पुढे १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी वाकड्या गुडघ्यांचा संबंध फ्लोराइडयुक्त पाण्याशी असल्याचे दाखविले. त्यानंतरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. पाणी तितकेच दूषित असले, तरी ज्याच्या अन्नात कॅल्शियम कमी, त्याच्या हाडांवर आघात अधिक. अन्नमार्गात कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते आणि त्याचा बराच भाग रक्तात शिरू देत नाही. म्हणजे मोजावयाच्या गोष्टी दोन होत्या: पाण्यातील फ्लोराइड आणि अन्नातील कॅल्शियम.

फ्लोराइड मोजण्याची जुनी रीत रंगाची होती. झिर्कोनियम आणि अलिझरीन यांच्या लाल द्रावणात पाणी घालावे आणि रंग किती फिका पडतो ते पाहावे. परंतु पाण्यातील इतर क्षारही त्या रंगाशी खेळ करीत, आणि रसायनज्ञाच्या डोळ्यावर फार भिस्त ठेवावी लागे. १९६६ साली अमेरिकेत फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा विद्युदग्र तयार केला. तो पाण्यात बुडविला की विद्युद्दाबावरून फ्लोराइडचे प्रमाण काही मिनिटांत कळू लागले.

कॅल्शियमचा मार्ग अधिक लांबचा होता. पाला आधी वाळवावा, मग भट्टीत त्याची राख करावी, ती आम्लात विरघळवावी आणि ऑक्झलेटच्या रूपाने कॅल्शियम खाली बसवून मोजावे, अशी परंपरा होती. १९४०च्या दशकात झुरिचच्या श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए या संयुगाचे अनुमापन रूढ केले, तेव्हा हे काम सोपे झाले. १९५५ साली ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी त्याहून तीक्ष्ण साधन पुढे आणले. द्रावणाचे तुषार ज्योतीत सोडावयाचे आणि कॅल्शियमचे अणू प्रकाश किती शोषून घेतात ते पाहावयाचे. पाल्यातील फॉस्फेट ज्योतीतही कॅल्शियमला धरून ठेवते. त्याला सोडविण्यासाठी द्रावणात पुन्हा लँथॅनमच घालावे लागते. एकच दुर्मीळ धातू, पण विष मोजावयास तोच आणि उतारा मोजावयासही तोच!

असा मोजमापाचा प्रकाश पडल्यावर उतारा सापडला तो कोणत्याही औषधालयात नव्हे, तर रानात. पहिल्या पावसाबरोबर वाटेच्या कडेला माजणारे जे झुडूप मंडलाकडे चकोडा म्हणून ओळखतात, तोच महाराष्ट्रातील टाकळा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नकोष्टकांनुसार त्याच्या शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ५२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या तेवढ्याच दुधात सुमारे १२०. जबलपूरच्या संशोधकांनी निर्दोष पाण्याबरोबर कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व देणाऱ्या आहाराचा पुरस्कार केला आणि त्यात या पाल्याला मानाचे स्थान दिले. बैगांची आजी जी भाजी पावसाळ्यात खुडीत असे, तिचे मोल आता आकड्यांत उतरले.

तथापि आकड्यालाही मर्यादा आहे. ज्योत पाल्यातील सारे कॅल्शियम मोजते. त्यातील किती शरीरात मुरेल हे ती सांगत नाही. काही पालेभाज्यांतील ऑक्झलेट बरेचसे कॅल्शियम अडवून ठेवते. म्हणूनच प्रयोगशाळेतील नोंदीनंतर पुन्हा गावात जाऊन मुलांची तपासणी करावी लागते.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. खेड्यापाड्यांत हातपंप बसविले गेले, तेव्हा मुख्य धास्ती पटकी आणि हगवण यांची होती. खोलातले पाणी जंतुरहित, म्हणून ते निर्मळ मानले गेले. त्यात विरघळलेल्या पाषाणाचा हिशेब फारसा कोणी मागितला नाही. तो हिशेब शेवटी मुलांच्या गुडघ्यांवर उमटला. पाणी पाजण्यापूर्वी ते मोजणे हे पाणी आणण्याइतकेच आद्य कर्तव्य आहे, ही तिलईपानीची शिकवण आहे. हाडे वाकल्यावर केलेले मोजमाप ज्ञान देते. आधी केलेले मोजमाप मूल वाचविते.