गडचिरोलीतील नवजात-परिचर्या आणि गृहभेटीची पद्धती

१

महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाचा इतिहास बहुधा इमारतींच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले, हे टप्पे सर्वपरिचित आहेत. ह्या मांडणीत आरोग्यसेवा म्हणजे रुग्णाने दवाखान्याकडे केलेला प्रवास, असे गृहीत धरलेले असते. परंतु ग्रामीण भागात बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या प्रमाणावर घरातच पार पडत होते. १८८५ च्या डफरिन निधीने स्त्री-डॉक्टर व स्त्री-रुग्णालये ह्यांवर भर दिला. १९०३ च्या व्हिक्टोरिया स्मारक निधीने सुइणींना प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न केला. दोन्ही उपक्रमांचे लक्ष प्रसूतीच्या घटकेवर होते. त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस बाळंतिणीच्या खोलीतच राहिले, आणि वैद्यकाप्रमाणे इतिहासालाही त्यांची फारशी वार्ता नव्हती.

प्रस्तुत निबंधात ही स्थिती बदलणाऱ्या एका प्रयत्नाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ ह्या स्वयंसेवी संस्थेची गृहभेटींवर आधारलेली नवजात-परिचर्या. ह्या कार्याचे वर्णन सामान्यतः मृत्युदरातील घट सांगून केले जाते. ती घट महत्त्वाची आहेच. तथापि, गृहभेट ही येथे उपचाराची पद्धती होण्यापूर्वी ज्ञानाची पद्धती होती, आणि तिच्या यशाचे मर्म त्यात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

गावातल्याच स्त्रीला आरोग्याचे शिक्षण देऊन तिच्याकडे गावाची शुश्रूषा सोपविण्याचा प्रयोग महाराष्ट्रात नवा नव्हता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली जामखेड येथे तो आरंभिला होता. गडचिरोलीचे वैशिष्ट्य असे की, तेथे सेवेबरोबर संशोधनाचीही शिस्त आली. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या ह्या वनप्रधान जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली ‘सर्च’ची स्थापना केली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले होते. संस्थेचा परिसर पुढे ‘शोधग्राम’ ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या नावातला ‘शोध’ हा शब्द अर्थपूर्ण आहे.

आरंभीचे एक मोठे काम बालकांच्या न्यूमोनियासंबंधी होते. मिनिटाला किती श्वास पडतात ह्यावरून रोग ओळखावयाचा, तर मोजता येणे आवश्यक. आणि पुष्कळ सुइणींना अंकज्ञान नव्हते. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले साधे श्वासमोजणी-यंत्र तयार करण्यात आले. निरक्षरता ही रोगनिदानातील अनुल्लंघ्य अडचण नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. ह्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

३

पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा प्रश्न मात्र शिल्लक होता. १९९३ ते १९९५ ह्या काळात ३९ प्रयोग-गावे आणि तुलनेसाठी ४७ गावे ह्यांतील जन्ममृत्यूंची आधारभूत नोंद करण्यात आली. १९९५-९६ ह्या वर्षी प्रयोग-गावांतील ‘आरोग्यदूत’ स्त्रियांनी, म्हणजे पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी, नवजात बालकांच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन निरीक्षण केले. बाळाचे वजन, अंगाचे तापमान, श्वास, दूध ओढण्याची शक्ती, नाळेची अवस्था ह्यांच्या लेखी नोंदी त्यांनी ठेवल्या.

ह्या नोंदींतून जे समोर आले ते ग्रामीण समाजेतिहासाच्या दृष्टीनेही विलक्षण आहे. पाहिलेल्या ७६३ बालकांपैकी ९५ टक्के घरी जन्मली होती. सुमारे ४२ टक्क्यांचे जन्मवजन कमी होते. ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि डॉक्टरने पाहिलेली वा उपचार केलेली बालके होती अवघी २.६ टक्के. रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण ०.४ टक्के होते. बाळंतिणीची खोली बाहेरच्यांना सहसा बंद. बारशापूर्वी बाळाला नावही नसते. अशा बाळाचा मृत्यू सरकारी दप्तरात उमटला नाही तर ते नवल नव्हे. महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी अधिक आहेत, हे ‘कोवळी पानगळ’ ह्या २००१ सालच्या अहवालाने पुढे मांडले. गृहभेटीचे पहिले फलित म्हणजे जे दप्तरात नव्हते ते दृश्य झाले.

४

पुढील दोन वर्षांत निरीक्षणाला उपचाराची जोड देण्यात आली. गर्भवतीला सल्ला, प्रसूतीच्या वेळी उपस्थिती, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, बाळ उबेत ठेवणे, स्तनपानास साहाय्य आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविके, असा तो क्रम होता. ह्यांतील शेवटची बाब सर्वांत विवाद्य ठरण्यासारखी होती. कारण जेंटामायसिनचे इंजेक्शन आरोग्यदूताने, बाळाच्या घरी, द्यावयाचे होते. आईवडील बाळाला रुग्णालयात न्यावयास तयार नसत तेव्हा हा उपचार केला जाई. सुई कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न आहे.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, प्रयोग-गावांतील ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत ही परिचर्या पोहोचली होती. नवजात-मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ च्या ठिकाणी ६० झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्यावरून सर्व श्रेय सुईला देणे मात्र योग्य होणार नाही. उत्तर प्रदेशातील शिवगड येथील अभ्यासात (२००८) इंजेक्शनाविना, केवळ ऊब, स्तनपान, स्वच्छता इत्यादी आचारांत बदल घडवून नवजात-मृत्यूंत ५४ टक्के घट झाल्याचे आढळले. बांगलादेशातील सिल्हेट येथे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गृह-परिचर्येने ३४ टक्के घट दिसली. प्रदेशपरत्वे उपचारांचे मिश्रण भिन्न होते. विश्वासातल्या व्यक्तीने वेळच्या वेळी, वारंवार घरी येणे हे तिन्हींत समान होते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

५

भारत सरकारने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना केली आणि २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटी तिच्याकडे सोपविल्या. जन्म रुग्णालयात झाल्यास सहा, घरी झाल्यास सात भेटी असे वेळापत्रक ठरले. २०१८ साली तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटी त्यात वाढविण्यात आल्या. एका आडवळणाच्या जिल्ह्यातील प्रयोग राष्ट्रीय धोरण व्हावा, ही घटना असामान्यच होय.

परंतु ह्या संक्रमणात काही गळलेही. सुई आशाच्या हाती आली नाही. २०१४ साली जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती परिचारिकेला. आशाला वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरला. नवजात-परिचर्येसाठी तो आरंभी बालकामागे २५० रुपये होता. जिची नोंद मूळ प्रयोगात ज्ञानाचा पाया होती, तिची नोंद आता मोबदल्याच्या मागणीचा पुरावा झाली. नोंदीचा हेतू बदलला की नोंदीचा स्वभावही बदलतो, हे दप्तरांच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

आज महाराष्ट्रात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसूती रुग्णालयांत होतात. म्हणून गृहभेटीचे प्रयोजन संपले, असे म्हणता येईल काय? माता आणि बालक काही दिवसांत घरी परततात, आणि अठ्ठावीसांपैकी बहुतेक दिवस पुन्हा त्याच खोलीत जातात. त्या खोलीत काय घडते हे जाणणारी व्यक्ती आजही गावातली स्त्रीच आहे. तिच्या हाती वजनकाटा द्यावयाचा, पण निर्णय द्यावयाचा नाही, ही तडजोड कितपत टिकेल, हा धोरणकर्त्यांचा प्रश्न आहे. अल्पशिक्षित स्त्रियांनी मराठीत लिहिलेल्या ह्या नोंदी ग्रामीण बाल्याच्या इतिहासाची अस्सल साधने आहेत, असे मानून त्यांचे जतन करणे हे मात्र निश्चितपणे आपले, इतिहासाच्या अभ्यासकांचे, काम आहे.