खतांची होळी आणि १८७९ चा कायदा

१८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारचा दिवस होता. (हें भीमथडींतलें सुपें, नगर-पुणें रस्त्यावरचें पारनेर तालुक्यांतील सुपें नव्हे.) त्या दिवशीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. परंतु दंगेखोरांचा डोळा धान्यावर किंवा दागिन्यांवर तितकासा नव्हता. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखतें, हुकूमनामे जे हातीं लागतील ते चव्हाट्यावर आणून जाळावयाचे, एवढाच बहुतेक ठिकाणचा हेतु होता. सावकारानें मुकाट्यानें कागद काढून दिले, तर प्रायः त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाहीं.

पाहतां पाहतां हें लोण अहमदनगर जिल्ह्यांत पोहोंचलें. (त्या जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे.) पारनेर, श्रीगोंदें, कर्जत आणि खुद्द नगर या तालुक्यांतील गांवें उठलीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गांवांत दंगे झाले आणि लष्कर बोलवावें लागलें. साडेनऊशेंच्या आसपास माणसें पकडलीं गेलीं व त्यांतील निम्म्यांहून अधिकांना शिक्षा झाल्या. शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं आदल्या वर्षाच्या अखेरीसच याची चाहूल लागली होती. तेथें लोकांनीं मारहाण न करतां सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या शेतांत कोणी राबेना, न्हावी त्याची हजामत करीना.

हा राग कागदावरच कां होता, हें समजण्यास थोडा हिशेब करावा लागेल. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनीं सढळ हातानें कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरपाहणी होऊन सरकारी साराही वाढला. उसनवारी मात्र थांबली नाहीं. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षें ठरविली. कायदा करणाऱ्यांस वाटलें, जुनीं येणीं कुळाच्या मानेवर कायम लोंबकळूं नयेत. घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहून घेऊं लागला व थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवूं लागला. दरमहा शेकडा दोन रुपये दरानें १०० रुपये घेतले, तर तीन वर्षांनीं १७२ रुपयांचा नवा रोखा होतो आणि आणखी तीन वर्षांनीं जवळजवळ २९६ रुपयांचा. कुळाच्या हातांत रोकड पडली ती शंभरच. अंगठा उठविणाऱ्यास वाचतां येत नसे, आणि न्यायाधीश समोरचा रोखा पाहून निकाल देई.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्यानंतर १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. अखेर थिओडोर होप यांनीं मांडलेलें बिल १८७९ चा सतरावा कायदा म्हणून मंजूर झालें आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झालें. हाच दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा.

या कायद्याचें मर्म असें कीं, न्यायाधीशानें रोख्याच्या आड जाऊन पहावें. पहिल्या रुपयापासून हिशेब उलगडावा, मुद्दल वेगळें काढावें, व्याज वेगळें काढावें, आणि व्याज मुद्दलापेक्षां अधिक मोजूं नये. आपल्याकडील जुना दामदुपटाचा नियम तो हाच. वरच्या उदाहरणांतील कुळाचें देणें त्यामुळें २०० रुपयांवर जाऊं शकलें नसतें. कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद झालें, हप्ते बांधून देण्याची मुभा मिळाली, स्पष्ट गहाण नसलेली जमीन लिलावापासून वांचली. मुदत सहा वर्षें, व नोंदलेल्या दस्तऐवजास बारा वर्षें केली गेली. रोखे गांवच्या नोंदणी कामगारासमोर लिहिले जावेत, असेंही ठरलें.

आजच्या शहरी कर्जदाराला या कायद्याचा हेवा वाटावा. क्रेडिट कार्डाचें व्याज थकलें म्हणजे तेंही चढत जातें. परंतु बँकिंग नियमन कायद्याच्या २१ अ कलमानुसार बँकेनें अवाजवी व्याज लावलें, एवढ्याच कारणावरून न्यायालयास तो व्यवहार पुन्हां उलगडतां येत नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं कार्डावर शेंकडा ३० हून अधिक व्याज घेणें गैर ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला.

अर्थात् सावकारही स्वस्थ बसला नाहीं. गहाणाचा हिशेब उघडला जातो असें दिसतांच त्यानें गहाण सोडून खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. पैसे फिटले कीं जमीन परत, हा करार तोंडीच. पुढें दुरुस्ती करून अशा खोट्या विक्रीचें खरें स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयांस द्यावा लागला. ही युक्ति इतकी चिवट कीं महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यांतही तिच्यासाठीं वेगळें कलम घालावें लागलें आहे.

कायद्याच्या अंमलावर देखरेख ठेवणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे हे होते. १८८१ पासून ते या कामाशीं संबंधित होते व १८८७ मध्यें स्पेशल जज्ज झाले. कायद्यानें जुनें कर्ज आटोक्यांत येईल, पण पुढच्या पेरणीला बियाणें कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता. विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनीं पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी बँकेची योजना पुढें आणली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतें. लंडनच्या भारतमंत्र्यानें ती फेटाळली. ही चूक फार महाग पडली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा येण्यास १९०४ साल उजाडलें, आणि तोंवर कुळाला पुन्हां त्याच ओट्यावर जावें लागलें.

नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कालव्यावर ऊस उभा राहिला, तेव्हां प्रश्न नव्या रूपानें आला. कारण उसाला भांडवल ज्वारीहून कितीतरी अधिक लागे. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं सहकारी पतपेढी काढली. तेथूनच पुढें धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. शेतकरी ऊस घालूं लागला, आणि त्याच्या ऊसबिलांतून सोसायटीचें कर्ज परस्पर वळतें होऊं लागलें.