कर्नाळ्याचा सुळका

पनवेलच्या परिसरांत गाढी नदीच्या काठीं विचुंबें आहे. तिकडे आतां भातशेतांतून इमारती उठत आहेत. तथापि या सबंध टापूची ओळख अजून एका दगडावरूनच पटते. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यास लागलें म्हणजे अंगठा उभारल्यासारखा दिसणारा कर्नाळ्याचा सुळका तो हा!

कर्नाळ्याचा इतिहास बहुधा धन्यांच्या नांवांनीं सांगतात: देवगिरीचे यादव, निजामशाही, मध्यंतरीं पोर्तुगीज, १६७० सालीं शिवछत्रपति, मग मोगल, पेशवे, आणि १८१८ सालीं इंग्रज. यादी खरी; पण किल्ला बांधिला कां, हें तीवरून उमजत नाहीं. आमच्या मतें तो बांधिला वाटेसाठीं. कोंकणच्या बंदरांतून बोरघाटानें देशावर चढणाऱ्या मालावर येथून नजर राही. शिरढोणास १८४५ सालीं जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा येथलेच किल्लेदार. इंग्रजी अमलांत वाटेस पहारेकऱ्याची गरज उरली नाहीं आणि किल्ला ओस पडला.

पाषाणाची कथा याहून फार जुनी आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं शिलारसाचे थरावर थर सांचून हा काळा खडक झाला. पुढें ऊन-पावसानें मऊ भाग झिजला, कठीण तेवढा उभा राहिला. त्याच्या पायथ्याशीं कोरलेल्या टांक्यांत गडकऱ्यांनीं पाणी सांठविलें. वरच्या कपारींत मधमाश्यांनीं पोळीं बांधिलीं. माणसें गेलीं, माश्या राहिल्या.

१९६८ सालीं येथें महाराष्ट्रांतील पहिलें पक्षी-अभयारण्य झालें. आज त्याचा विस्तार सुमारें १२ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. पण पक्ष्यांच्या जाती दोनशेंवर. स्वर्गीय नर्तक, भृंगराज हे तर आहेतच. परंतु येथलें खरें वैभव पावसाळी आहे. पहांटे शीळकरी कस्तूर माणसाप्रमाणें शीळ घालतो, आणि मुठीएवढा तिबोटी खंड्या ओढ्याच्या दरडींत बीळ कोरून पिलें वाढवितो. कोकरूं पाहावयास जावें तशा हौशीनें लोक त्यास पाहूं येतात!

ज्या वाटेनें किल्ला जन्मास घातला तीच आज राष्ट्रीय महामार्ग होऊन या रानाच्या पोटांतून जाते. खंड्याची वीण आणि मोटारींची धांव एकाच ठिकाणीं चालते. वाहतूक थांबवा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निदान पावसाळ्याचे चार महिने एवढ्या टप्प्यांत वेग आणि भोंगे यांस आळा घालणें कांहीं अशक्य नाहीं.