जुना क्वाड आणि त्याचे सुधारक

१९५७ सालीं इंग्लंडांत हंटिंग्डन येथील पीटर वॉकर यांनीं 'क्वाड' हा घरगुती इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर विक्रीस आणिला. त्यांत ना कागदी शंकु, ना लांकडी पेटी. दोन सच्छिद्र तक्त्यांमध्यें प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणलेला. त्यावर हजारों व्होल्टांचा विद्युद्भार. संगीताबरोबर तक्त्यांची ओढ बदलते आणि पडदा हालतो. त्यांतून मनुष्याचा कंठ फारच निर्मळ उमटतो. पण खर्ज तोकडा, आणि आवाज फार चढविल्यास ठिणगी पडून पडदा फुटण्याची भीति.

या उणिवा भरून काढण्यांत अनेक रसिक रमले. अमेरिकेंत मार्क लेव्हिन्सन यांनीं क्वाडवर क्वाड रचून खर्जास हार्टलीचा व तारस्वरांस डेक्काचा निराळा लाउडस्पीकर जोडला. दिवाणखान्यांत हा पसारा कोण मांडणार! आंखूड पाय काढून क्वाड उंच घडवंचीवर ठेवणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें; न आवडल्यास पाय पुन्हां बसवितां येतात. कित्येकांनीं धूळ अडविणारें पातळ आवरणच काढून टाकिलें. तारस्वर मोकळे झाले खरे. परंतु विद्युद्भारित पडदा धूळ ओढून घेतो, आणि खर्जाच्या पडद्यावर तर सुमारें ६,००० व्होल्ट असतात. घरांत मुलें असतील तेथें हा प्रयोग आम्ही सर्वथा त्याज्य मानितों.

१९८५ सालीं या क्वाडचें उत्पादन थांबलें. आतां हातीं येणाऱ्या जोडाचे रेक्टिफायर पुष्कळदां वयानें दुबळे झालेले असतात; व्होल्टेज उतरतें, आवाज क्षीण होतो, आणि तो दोष वॉकर यांच्या रचनेचा समजून सुधारक हत्यारें उचलतो. जाणत्या कारागिराकडून रेक्टिफायर तेवढे बदलून घेतले, तरी असे कित्येक जोड पुन्हां पूर्वीच्या गळ्यानें गाऊं लागतात.