गोठण-उपचार आणि बार्शीचा परिसर

दुखऱ्या जागी बर्फ ठेवावा, हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु थंडीने रोगट मांस मारता येईल, हा विचार त्या मानाने नवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स आर्नॉट या इंग्रज डॉक्टराने बर्फ व मीठ यांचे मिश्रण स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर लावून पाहिले. वेदना शमली, रोग समूळ गेला नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कला राल्फ मार्कोव्ह यांनी हाडातील गाठ खरवडून त्या पोकळीत द्रवरूप नायट्रोजन ओतला. आता निवडक रोग्यांच्या हाडात सुईसारखी नळी घालून, मोठी चिरफाड टाळून, हेच साधतात. तत्त्व एकच: पेशीतील पाण्याचे बर्फ होते आणि पेशी मरते.

आमच्या बार्शीचा याच्याशी संबंध काय? येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. खेड्यापाड्यांतील रोगी मोजले गेले, तेव्हा बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे दिसला. म्हणून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. डॉ. बी. एम. नेने हे त्यातील एक प्रमुख. तपासणीत कर्करोगपूर्व विकार आढळला, तर योग्य त्या स्त्रीवर गोठण-उपचार होई. त्याला नळकांड्यातील वायू पुरतो. भूल लागत नाही, वीजही लागत नाही. तीन मिनिटे गोठवणे, पाच मिनिटे थांबणे, पुन्हा तीन मिनिटे गोठवणे, अशी त्याची रूढ रीत आहे.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी विनातपासणी ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. या दुसऱ्या गटावरून पुढे वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. त्या चौसष्ट जणी आमच्याच शेतांवर राबणाऱ्या वर्गातल्या होत्या. शास्त्राला पुरावा हवा, हे आम्ही मानतो. पण पुराव्याची किंमत नेहमी गरिबानेच का मोजावी?

ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच आहे. जे ज्ञान त्यांच्या जिवावर मिळाले, ते प्रत्येक मजूर स्त्रीच्या दाराशी गेले पाहिजे. आणि तपासणीच्या दिवसाची तिची मजुरी बुडता कामा नये. अकरा मिनिटांचा उपचार एका रोजासाठी चुकावा, ही गोष्ट कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.